आरा बंद असताना

आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीवर, दोन गोष्टी रोज साचतात, भुसा आणि किस्से. भुशाचं बरं असतं. संध्याकाळी पोती भरली की भट्टीवाले घेऊन जातात. किस्से कोण नेणार? ते माणसाच्या खिशात, कानात, जेवणाच्या डब्यात शिरून घरी येतात. लकडगंजात मी सव्वीस वर्षं आऱ्यावर काढली. त्यातले बहुतेक किस्से चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत, शिव्या फार आहेत. पण सत्तरच्या दशकात एका वर्षी आम्ही काही जण तिथे सकाळी ध्यानाला बसायचो, तेवढे सांगता येतात. ध्यानात शिव्या कमी असतात.

हसू नका. मलाही कोणी सांगितलं असतं तर मी हसलोच असतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आऱ्यावर माणसं दोन लागतात. एक अलीकडून लाकूड ढकलतो, दुसरा पलीकडून ओढतो. मध्ये पट्टा, म्हणजे आऱ्याचं फिरणारं पातं. आवाज एवढा, की कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून बोलणं लाकडातून. आऱ्याखाली इकडून तिकडे एक लांब सागवानी पाट असतो, दोघांचाही एक तळहात त्यावर. ढकलणाऱ्यानं बोट मुडपून पाटावर दोन ठोके दिले की अर्थ, मी लाकूड सोडतो, सांभाळ. एक ठोका म्हणजे थांब. एक ठोका दोघांपैकी कोणीही देऊ शकतो. दोन फक्त ढकलणारा देतो. ओढणारा कधीच देत नाही. माझा बापही आरेवाला होता, त्याच्याही काळात हाच नियम होता.

मी ढकलणारा. ओढायला डोमाजीभाऊ, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. अठरा वर्षं आमची जोडी. अठरा वर्षांत कामाच्या वेळी आम्ही एकमेकांशी जे बोललो ते एवढंच. दोन ठोके, एक ठोका.

*

त्या वर्षी आषाढात डोमाजीभाऊंची उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

लाकडाचा एक ढलपा पट्ट्याजवळ अडकला होता. मी एक ठोका दिला, लाकूड थांबलं. डोमाजीभाऊ ढलपा काढायला वाकले. तेवढ्यात मागून चहावाल्यानं माझ्या खांद्याला हात लावला. मी मान वळवली, त्याला बोटांनी दोन चहा दाखवले आणि मान पुन्हा पुढे यायच्या आतच पाटावर दोन ठोके देऊन लाकूड सोडलं.

पाहिलं नाही. एवढंच. अठरा वर्षांत एकदा पाहिलं नाही.

कोणीतरी मोटर बंद केली. आरामशीनवर भर दिवसा शांतता झाली, की माणूस पहिले स्वतःची बोटं पाहतो. लाज वाटते, पण असंच असतं. आधी आपली दहा, मग दुसऱ्याची. मीसुद्धा आधी माझीच पाहिली.

रिक्षात बसताना डोमाजीभाऊ सगळ्यांना म्हणाले, "लाकूड फिरलं गा." हाताला दुपट्टा गुंडाळलेला, तोंड पांढरं पडलेलं. "गाठ होती. लाकूड फिरलं."

झालं. शेठनं तेच धरलं, दवाखान्यात तेच सांगितलं, आजूबाजूच्या चार आरामशीनींवर तेच गेलं. गाठीचं लाकूड वाईटच, असं सगळे म्हणाले. मी काही बोललो नाही. दोन दिवस गेले, मग आठ गेले, आणि मग बोलायची वेळ निघून गेली.

पण हाताला काय सांगणार? तिसऱ्या दिवशी नवीन माणूस पलीकडे उभा केला. मी लाकूड लावलं, बोट मुडपलं, हात वर नेला आणि हात तिथेच थरथरायला लागला. खाली येईचना. मागे चार जण उभे. गणपत, म्हणजे आमचा पट्ट्याला धार लावणारा, माझ्याच वयाचा, समोर येऊन नुसत्या ओठांनी म्हणाला, "ठोक ना बे."

"हो, ठोकतो," मीही ओठांनीच म्हणालो. आणि हात खिशात घातला.

*

इतवारीतल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, छाती पाहिली, जीभसुद्धा पाहिली. म्हणाला, "शरीरात काही नाही. मन शांत करा. ध्यानबिन करत जा."

मी विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "रिकाम्या पोटी," म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी तेवढंच घेऊन आलो. ध्यान, रिकाम्या पोटी. किती दिवस, कशासोबत, काही नाही.

शेठ आमचे कच्छी होते, मराठी-हिंदीची खिचडी बोलायचे. माणूस सोन्यासारखा, आणि तोच त्रास. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वामन, जबरदस्ती नाही. दसऱ्याला आऱ्याची पूजा होते, पहिली फळी तू काढ. जमली तर ठीक. नाही जमली तर गेटवर खुर्ची टाकून बस. पगार तोच राहील, इज्जत तीच राहील."

इज्जत तीच कशी राहील? चौतिसाव्या वर्षी गेटवर बसून ट्रकवाल्यांना "मागे घे, अजून मागे घे" म्हणायचं? मला दुसरं काही येत नव्हतं. दसऱ्याला तीन महिने होते.

*

पण ध्यान शिकवणार कोण? इथे बोकारे मास्तरांचा किस्सा येतो.

मास्तर म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, रिटायर झालेले. नंदनवनच्या ले-आउटमध्ये घर बांधत होते, दाराच्या चौकटी कापायला आले. नंबर यायला वेळ होता, म्हणून आऱ्यापासून दहा हातांवर एका ओंडक्यावर बसले. थोड्या वेळानं गणपतचं लक्ष गेलं. मास्तर ताठ बसलेले, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. गणपतनं हाक मारली, जवळ जाऊन दोनदा हात हलवला. काही नाही.

गणपतनं पळत येऊन मला ऐकू येईल इतकं लांब, गेटबाहेर ओढलं. "वामन, म्हातारा गेला बे!"

शेठनं मोटर बंद करायला लावली. सगळ्यांनी आपापली बोटं पाहिली, मग मास्तरांकडे धावले. गणपतनं माठातला गडू भरून मास्तरांच्या डोक्यावर रिकामा केला.

मास्तरांनी डोळे उघडले. पाणी निथळत होतं. म्हणाले, "इतकं चांगलं लागलं होतं गा. बंद काहून केलं?"

"काय लागलं होतं?"

"ध्यान."

शेठ चाट पडले. "इतने आवाज में?"

"आवाजातच सोपं जाते," मास्तर टोपी पिळत म्हणाले. "इथे एकच आवाज आहे. घरी बायको, सून आणि रेडिओ."

शेठनं माझ्याकडे पाहिलं, मी शेठकडे. तिथेच ठरलं. मास्तर रोज सकाळी साडेसहाला येणार, आरा सुरू व्हायच्या आधी, आणि त्यांच्या चौकटी आम्ही नंबर सोडून आधी कापणार.

*

पहिल्या दिवशी तिघेच होतो. मी, सोबतीला म्हणून गणपत, आणि मालक असल्यामुळे मागे राहणं बरं दिसत नाही म्हणून शेठ. शेडमध्ये पोती अंथरली. मास्तरांनी गजराचं घड्याळ आणलं होतं, ते वीस मिनिटांवर लावून मध्ये ठेवलं. नियम सांगितला, "गजर होईपर्यंत कोणी उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. काय सांगायचं असेल ते गजर झाल्यावर. आता डोळे मिटा."

कोणी मिटले नाहीत.

"मिटा ना गा."

गणपत म्हणाला, "मास्तर, आऱ्याजवळ डोळे मिटायचे नाई, हे आमाले पहिल्या दिवशी शिकवलं."

"आरा बंद आहे."

"बंद म्हणूनच जास्त भेव वाटते. चालू असला त कुठं आहे ते तरी समजते."

दोन मिनिटांनी मास्तरांनी हळूच आपले डोळे उघडून पाहिलं. आम्ही तिघंही बसलेलो, पाठ ताठ, मांडी छान, आणि तिघांचा एकेक डोळा आऱ्यावर.

शेठ शरमले. नियम मोडून म्हणाले, "मास्तरजी, आज आधा ध्यान. आधेसे शुरू करेंगे."

*

आठ-दहा दिवसांनी दोन्ही डोळे मिटायला लागले. पण शांततेचं काय करायचं? ज्या जागी शांतता म्हणजे कोणाचं तरी रक्त, तिथे बसून शांत कसं व्हायचं? पाच मिनिटं झाली की वाटायचं, आता कोणीतरी ओरडेल, आता रिक्षा बोलवा म्हणतील. आणि मग अंगठा आपोआप फिरायला लागायचा. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी. पुन्हा दुसरा हात.

मला वाटायचं, हे माझंच आहे. एक दिवस गजर झाल्यावर मास्तर एकदम खूश. म्हणाले, "मी सांगितलं नसताना तुम्ही तिघंही बोटांवर जप करून राहिले! कोणाचं नाव घेता?"

आम्ही तिघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

"ज्याचं त्याचं असते जी," गणपत म्हणाला, आणि उठून पट्ट्याला धार लावायला गेला.

*

पुढे पुढे शेठ चौथ्या मिनिटाला झोपायला लागले. झोपले की घोरायचे, आणि ते घोरणं काय सांगू, ओला साग चिरताना पट्टा घरघरतो ना, तसं. मास्तरांना वाटलं, आमची एकाग्रता मोडेल. म्हणून त्यांनी शेठला हलकेच उठवायला सुरुवात केली. आणि आमचं ध्यान बिघडलं! कारण शेठ घोरायला लागले की आम्हाला वाटायचं, आरा सुरू आहे, सगळं ठीक आहे, सगळ्यांची बोटं जागेवर आहेत. खांदे सैल व्हायचे, श्वास लांब जायचा.

एकदा शेठ लग्नाला गावाला गेले. पाच दिवस आम्ही नुसते टकामका एकमेकांकडे बघत बसलो.

परत आल्यावर शेठनं मास्तरांना विचारलं, "ध्यान में खयाल आया तो क्या करनेका?"

मास्तर म्हणाले, "येऊ द्यायचा, बघायचा, जाऊ द्यायचा. धरून ठेवायचा नाही."

शेठ म्हणाले, "मास्तरजी, चालीस साल का धंदा है. दुकान में आया हुआ आदमी ऐसेही जाने दूं?"

मी हसलो नाही. माझ्याकडे एकच खयाल यायचा आणि तो जायचं नावच घेत नव्हता. चहावाल्याचा हात खांद्यावर, माझी मान मागे.

*

घरी वेगळाच गोंधळ. मी पहाटे उठून चुलीजवळ पाठ ताठ करून बसायचो, तिथे सराव करून मग लकडगंजात जायचो. माझी बायको कमल काही बोलायची नाही, पण रोज सकाळी सायकलच्या कुलपाची किल्ली सापडेना. कधी पिठाच्या डब्यामागे, कधी देवाच्या पाटाखाली, एकदा तर लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्यात. मला वाटलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही. हात गेला, आता डोकंही चाललं.

एक दिवस किल्ली तिच्या पदराच्या गाठीत दिसली.

"कमल, हे काय वं?"

ती रडायलाच लागली. "माह्या मावशीचा नवरा असाच सकाळी उठून डोळे मिटून बसे. कोणाशी बोले नाही, हासे नाही. आन् एक दिवस सायकल घेऊन गेला तो गेलाच. सायकल तेवढी वर्ध्याच्या स्टेशनवर भेटली. खरं सांगा जी, घर सोडून चालले काय?"

"हातासाठी बसून राहिलो," मी म्हणालो. "हा पाह्य." मी हात पुढे केला.

तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातातही तो थरथरत होता. तिला वाटलं होतं, मी साधू होऊन राहिलो. साधूचा हात असा असतो का? तिनं विचारलं, "कायचं भेव आहे तुमाले?"

मी सांगू शकलो असतो. चूल पेटली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "दसऱ्याचं."

तिनं गाठ सोडून किल्ली दिली. "जा. पण संध्याकाळी येजा."

*

पोळा झाला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडाचे बैल घेऊन गल्लीत फिरतात. गणपतनं उरलेल्या सागाचा एक बैल केला होता, डोमाजीभाऊंच्या नातीसाठी. मला म्हणाला, "तू नेऊन दे. अपघात झाल्यापासून तू एकदाही गेला नाहीस."

गेलो. डोमाजीभाऊंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि सायकल वळवली. इतवारीला एक चक्कर मारून पुन्हा गेलो, पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनंच पाहिलं. "वामनभाऊ, आत या ना जी. ते झोपले आहेत, बसा थोडं."

डोमाजीभाऊ खाटेवर झोपले होते. हात छातीवर, पट्टी नुकतीच निघालेली. मी खाली चटईवर बसलो, मांडीवर बैल. ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. डोमाजीभाऊ, लाकूड फिरलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं. मनात दहा वेळा म्हणून झालं. त्यांचा श्वास वर जायचा, तो हात वर जायचा. श्वास खाली यायचा, हात खाली यायचा. बघता बघता किती वेळ गेला कळलं नाही. बोटं मोजणं नाही. चहा आला तेव्हा मी दचकलो. ते उठायच्या आत बैल ठेवून निघून आलो. भ्यालो म्हणा, भ्यालोच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं, "मास्तर, काल श्वास दिसला."

मास्तरांना कोण आनंद! "दिसला? किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास."

"शाबास. कुठे जाणवला, नाकाशी की छातीशी?"

"डोमाजीभाऊंच्या छातीशी."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "दुसऱ्याचा चालत नसते गा," म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "बरं, सध्या त्याचाच चालू दे."

*

आणि नवरात्रात एका सकाळी डोमाजीभाऊच शेडमध्ये येऊन उभे राहिले. हातावर दुपट्टा टाकलेला. म्हणाले, "मले हे येत नाही. घरी करमत नाही म्हणून आलो. मी नुसता बसतो."

बसले ते नेमके माझ्या समोर.

पुढचे चार दिवस मी गेलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं, दुपारी उशिरा जाऊन ट्रक लावून घेतले. गेटवरच्या खुर्चीवर एकदा बसूनही पाहिलं. खुर्ची चांगली होती. पाठीला आराम होता. मला रडू आलं.

पाचव्या दिवशी गणपत घरी आला. "पोटाले काय झालं बे? डोमाजीभाऊ रोज विचारून राहिले. वामन आला नाही, वामन काहून आला नाही. तुझी जागा मोकळी ठेवून बसतात."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलो. माझी जागा खरंच मोकळी होती. मास्तरांनी गजर लावला. डोळे मिटले.

त्या दिवशी नेमके शेठ घोरले नाहीत. पूजेची काळजी असेल, जागेच होते. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. घड्याळाची टिकटिक आणि समोर डोमाजीभाऊंचा श्वास.  उद्या हात वर जाईल आणि खाली येणार नाही. सगळ्यांसमोर. कमलसमोर, ती पूजेला येणार होती. आणि समोर हा माणूस. लाकूड फिरलं म्हणून त्यानं जाणूनबुजून मला वाचवलं, की त्याला खरंच काही माहीत नाही, तेही मला माहीत नाही.

मी बोललो. डोळे मिटलेलेच होते.

"डोमाजीभाऊ, लाकूड फिरलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं. मागे पाहत होतो आन् ठोके देले."

कोणी काही बोललं नाही. बोलणार कसे? गजर व्हायचा होता! मास्तरांचा नियम, गजर होईपर्यंत कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही. तीन महिन्यांत आम्ही तो असा अंगात भिनवला होता, की छपरावर उंदीर पळाला तरी कोणी हूं करायचं नाही. मी एक डोळा उघडला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. गणपतचा जबडा आवळलेला. शेठचे ओठ हलत होते. डोमाजीभाऊ जसे होते तसेच. मी घड्याळ पाहिलं.

अजून अकरा मिनिटं होती.

आयुष्यात मी बायकोच्या बाळंतपणाला बाहेर उभा राहिलो आहे, बापाच्या शेवटच्या रात्री उशाशी बसलो आहे. त्या अकरा मिनिटांसारखं काही नाही. बोटं मोजायचंसुद्धा सुचलं नाही.

गजर झाला. मास्तरांनी हात पुढे करून बंद केला. डोमाजीभाऊ उठले, धोतराला लागलेला भुसा झटकला, माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं.

"चहा सांगा ना गा," म्हणाले. "थंडी वाजून राहिली."

चहा आला. सगळे प्याले. उद्याच्या नारळांचं, हारांचं बोलणं झालं. त्या गोष्टीवर कोणी अवाक्षर काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

*

दसऱ्याला आऱ्याला झेंडूचा हार, पट्ट्याला हळदकुंकू. बायका, पोरं, आजूबाजूचे आरेवाले, सगळे आले होते. मास्तर नवीन टोपी घालून कोपऱ्यात. कमल गेटजवळ, पदर तोंडाशी धरून. शेठनं नारळ फोडला आणि मला खूण केली.

मी लाकूड लावलं. पलीकडे उभा राहायला नवीन माणूस निघाला, तर डोमाजीभाऊंनी त्याला हातानं बाजूला केलं आणि स्वतः जाऊन उभे राहिले.

शेठ घाबरले. "डोमाजी, तुम नहीं. अभी हाथ कच्चा है."

"पहिली फळी आहे," डोमाजीभाऊ म्हणाले. "त्याले वामनचं काम काय माहीत?"

मोटर सुरू झाली. आता कोणाचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मी पाहिलं. पट्ट्याजवळ पाहिलं, पाटाखाली पाहिलं, डोमाजीभाऊंचे दोन्ही हात पाहिले. दोन्ही पाटावर उघडे, दुपट्टा काढून ठेवलेला. पाच आणि तीन. मी पुन्हा पाहिलं. मागे कोणी नाही ना म्हणून मागेही पाहिलं, आणि मग पुन्हा पुढे पाहिलं. बोट मुडपलं. हात वर नेला.

आणि तो थरथरायला लागला.

मास्तर सांगायचे तसा श्वास घेतला. एक आत, एक बाहेर. अजून एक. हात खाली येईना. शेठनं मान खाली घातली, मला दिसलं. गणपतचा हात मोटरच्या बटणाकडे गेला, तेही दिसलं. मनात म्हटलं, संपलं, गेटवर बसायचं.

माझा डावा तळहात पाटावर होता.

पाट हलला. पलीकडून, लाकडातून, माझ्या तळहाताला. दोन ठोके.

मी वर पाहिलं. डोमाजीभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. ते पट्ट्याकडे पाहत होते, कामाच्या वेळी पाहायचं असतं तसं. उजव्या हाताचं मधलं बोट अजून मुडपलेलंच होतं.

मी लाकूड ढकललं.